सार्डिनियाचें निशाण

इटलीच्या सार्डिनिया बेटाचें निशाण पाहतांच वाचकांस नवल वाटेल. पांढऱ्या पटावर तांबडा क्रूस, आणि त्याच्या चारी कोनांत एकेका मूराचें छिन्न मस्तक! हें चिन्ह मूळचें बेटाचें नव्हे. तें स्पेनमधील अरागॉनच्या राजांचें. १२८१ सालच्या राजमुद्रेवर तें आढळतें. १०९६ सालीं आल्कोराझ येथें मूरांवर मिळविलेल्या जयाचें तें स्मारक, अशी आख्यायिका आहे. १३२३ सालीं अरागॉननें बेटावर स्वारी केली, आणि जेत्यांच्या मागोमाग त्यांचें चिन्हहि आलें. १७२० सालीं बेट सॅव्हॉय घराण्याकडे गेलें. त्या अमदानींत मस्तकांच्या कपाळावरील पट्टी डोळ्यांवर उतरली. पुढें अनेक बेटवासीयांस तींत आपल्याच पारतंत्र्याची खूण दिसूं लागली. अखेर १९९९ सालीं स्वायत्त प्रांताच्या कायद्यानें पट्टी पुन्हां कपाळावर नेली, आणि मुखें काठीकडून फिरवून पुढें वळविलीं.

या चिन्हांत पराभूतांची विटंबना आहे, हें आम्ही विसरत नाहीं. तथापि जेत्यानें लादलेलें चिन्ह फेकून न देतां त्याचे डोळे उघडणें, हाहि स्वत्व परत मिळविण्याचा एक मार्ग होय, असें आम्हांस वाटतें.