मामाच्या विहिरीवरचा चतुर आणि 'पहिली नोंद'

तर झालं असं, की गेल्या ऑक्टोबरात दोन दिवसांसाठी नागावला मामाकडे गेले होते. ज्यांनी आमची वाडी पाहिली आहे त्यांना विहीर आठवत असेलच. काळ्या दगडात बांधलेली, एका बाजूला जुन्या रहाटाचे खांब अजून उभे, आणि डोकावलं की तोंडावर थंडगार ओला वास येणारी. दुपारची जेवणं झाली, सगळे आडवे झाले आणि मी सवयीने विहिरीवर गेले. कठड्याच्या आतल्या बाजूला, दगडाला पंख अगदी चिकटवून, एक चतुर बसला होता. रंग दगडाचाच. राखाडी, त्यावर काळे-पांढरे डाग. तो जरासा हलला म्हणून दिसला, नाहीतर मी त्याच्यावर हातच ठेवला असता.

लहानपणी याच विहिरीवर आम्ही भावंडांनी चतुरांच्या शेपटाला दोरे बांधले आहेत. (आता ते आठवलं की लाज वाटते. आजी ओरडायची, पण आम्ही कुठे ऐकतोय.) चार-पाच वर्षांपूर्वी मला त्यांचा नाद लागला तो थोडासा प्रायश्चित्त म्हणूनही असेल. फार कळतं अशातला भाग नाही. पण एवढं वाचलेलं होतं, की २०२० साली शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत या दोघांनी महाराष्ट्राच्या किनारपट्टीतून चतुराची एक नवी जात जगापुढे मांडली. नाव ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस. नावातच कोकण! आणि ही जात म्हणजे याच दगडी रंगाच्या चतुराची सख्खी भावंडं.

झालं. माझ्या छातीत धडधडायला लागलं. पोटावर पालथी पडून, कठड्यातून अर्धी आत वाकून मी वीसेक फोटो काढले आणि या विषयाचा अभ्यास करणाऱ्या मैत्रिणीला पाठवले. रात्री झोप नाही. मनातल्या मनात मथळासुद्धा तयार झाला होता, 'रायगडच्या किनाऱ्यावरून पहिली नोंद', आणि खाली माझं नाव.

सकाळी तिचं उत्तर आलं. "पंखाच्या टोकाजवळचा ठिपका मोठा करून बघ. मध्ये काळा आणि दोन्ही टोकांना पांढरा आहे ना? हा जेमिनाटा. आपला नेहमीचा. पण फोटो छान आलेत."

ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. म्हणजे रँबूर नावाच्या फ्रेंच माणसाने १८४२ सालीच ज्याचं वर्णन करून ठेवलं आहे तो. विहिरींच्या भिंती, सिमेंटच्या टाक्या, कंपाउंडच्या भिंती, सगळीकडे बसणारा. माझा शोध जेमतेम एकशे ऐंशी वर्षांनी चुकला होता :)

चहाच्या वेळी मी ही फजिती सांगितली, तर मामा हसला नाही. उलट म्हणाला, "अगं, हा तर आम्ही लहान होतो तेव्हापासून तिथेच बसतो. आणि तो दुसरा, नवा म्हणतेस, तोही त्याच्या जागी असाच बसत असणार की. मग पहिली नोंद कसली?"

प्रश्न साधा होता आणि मला उत्तर देता आलं नाही. मग परत आल्यावर जे काही वाचलं, विचारलं, त्यातून जमलेलं हे.

चतुरांना कागदावर आणण्याची सुरुवात फार लांब झाली. लिनियसने १७५८ मध्ये झाडून सगळ्या चतुरांना एकाच नावाखाली बसवलं होतं. त्याचा शिष्य फॅब्रिशियस याने १७९३ मध्ये या गटाला ओडोनाटा, म्हणजे दातवाले, असं नाव दिलं. भाद्रपद-आश्विनात आपल्या भातखाचरांवर थव्याने फिरणारा जो पिवळा चतुर, पँटाला फ्लॅवेसन्स, त्यालाही नाव देणारा हाच. साल १७९८, नमुना भारतातला. आणि स्वतः फॅब्रिशियस भारतात कधी आलाच नाही! आपल्या खळ्यावर घिरट्या घालणारा प्राणी एका टाचणीला टोचून समुद्रापार गेला आणि तिथे त्याचं बारसं झालं. तेव्हा ज्यांच्या खळ्यावर तो उडत होता त्यांच्या लेखी त्यात नवं काहीच नव्हतं.

आपल्याकडे नोंदी ठेवायची बैठक बसली ती १८८३ साली. मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. सहा साहेब, आणि दोन आपले मराठी डॉक्टर. एक आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी. दुसरे सखाराम अर्जुन, म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. ही नावं आपण समाजसुधारणेच्या धड्यांत वाचतो, पण ही माणसं संध्याकाळी एकत्र बसून पाखरं, साप, झाडं यांच्याबद्दल बोलत, हे मला तरी शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. १८८६ पासून संस्थेचं जर्नल निघायला लागलं, आणि कोण, कुठे, कधी दिसलं हे लिहून ठेवायला एक कायमची जागा झाली.

चतुरांच्या बाबतीत त्या जागेचा पुरेपूर उपयोग करणारा माणूस म्हणजे फ्रेडरिक फ्रेझर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर. नोकरी सांभाळून त्याने या जर्नलमध्ये वर्षानुवर्षं चतुरांवर लिहिलं, १९२४ साली पश्चिम भारताचा आढावा छापला, आणि पुढे १९३३, १९३४ आणि १९३६ साली तीन जाडजूड खंडांत त्या वेळच्या हिंदुस्थानातले चतुर आणि टाचण्या मांडल्या. (टाचणी म्हणजे चतुराची नाजूक बहीण, बसताना पंख बहुधा मिटून घेणारी.) आजही कुणी काही नवं सापडलं म्हणालं तर आधी फ्रेझर उघडतात.

आता गंमत बघा. फ्रेझरच्या काळात 'महाराष्ट्र' नव्हताच, तो १ मे १९६० ला झाला. तेव्हा मुंबई इलाखा होता. आपला जिल्हा कुलाबा होता, त्याचं रायगड १ जानेवारी १९८१ ला झालं. मुंबईतलं कुलाबा वेगळं आणि अलिबागचं वेगळं, त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर नुसतं 'कुलाबा' लिहिलेलं असलं की वाचणाऱ्याने आधी कपाळावर आठ्या घालायच्या. आणि मुरुड? ते तर १९४८ पर्यंत सिद्दीच्या जंजिरा संस्थानात. म्हणजे एखादा चतुर रेवदंड्याची खाडी ओलांडून थोडा दक्षिणेला गेला, की तो इंग्रजांच्या यादीतून निघून नवाबाच्या मुलुखात जायचा! चतुराला यातलं काही ठाऊक नाही. 'या प्रदेशातून पहिली नोंद' म्हणताना प्रदेशाची रेघ आपली असते.

मग मामाचंच खरं का? रेघही आपली, नावही आपलं, आणि किडा आधीपासून बसलेलाच.

इथे मला किहीम आठवलं. नागावहून अलिबागच्या पलीकडे, तासाभरात पोचतो. १९३० मध्ये सलीम अली नोकरी नसल्यामुळे तिथल्या घरी येऊन राहिले होते. जवळच सुगरणींची घरटी लटकत होती. ती सगळ्या गावाने जन्मभर पाहिलेली. शिडी लावून, आडोशाला बसून, ते रोज पाहत राहिले आणि लिहीत राहिले. त्यातून कळलं, की घरटं विणतो तो नर. अर्धवट विणून झालं की माद्या येऊन तपासणी करतात. एखादीला पसंत पडलं की संसार, आणि नर पुढचं घरटं विणायला घेतो, दुसरीसाठी. १९३१ च्या जर्नलमध्ये हे छापून आलं. सुगरण किहीमला नवीन नव्हती. नवीन होतं ते रोज एकाच जागी बसून पाहणं आणि तारखेसकट लिहिणं.

त्या पिवळ्या पँटालाची गोष्टही तशीच. मालदीवमध्ये दरवर्षी ऑक्टोबरात हे चतुर हजारोंनी येतात. तिथल्या लोकांना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत. पण तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या समुद्रजीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला: या बेटांवर गोडं पाणी उघड्यावर जवळजवळ नाहीच, मग यांची अंडी-पिल्लं कुठे होतात? तो वर्षानुवर्षं त्यांच्या येण्याच्या तारखा टिपत बसला. २००९ साली त्याने मांडलं, की हे भारताकडून येतात, उंचावरच्या वाऱ्यावर स्वार होऊन समुद्र ओलांडतात, पुढे पूर्व आफ्रिकेत उतरतात आणि त्यांचे वंशज पावसाळ्याच्या वाऱ्याबरोबर परततात. चारेक पिढ्यांत मिळून चौदा ते अठरा हजार किलोमीटर. आमच्या माडांवर त्या दुपारी जे पिवळे थवे फिरत होते, त्यातले काही कदाचित याच वाटेला लागणार होते. आणि हे कळलं कशावरून, तर एका माणसाच्या तारखांच्या यादीवरून.

मैत्रिणीला मी मामाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तिने सांगितलं ते असं. यादीत नाव नाही याचा अर्थ प्राणी नाही असा होत नाही. कुणी पाहिला नाही, पाहिला तर ओळखला नाही, ओळखला तर लिहिला नाही, यातलं काहीही असू शकतं. २०१५ साली टिपले आणि कोपर्डे यांनी महाराष्ट्राची यादी केली तेव्हा १३४ जाती भरल्या. त्यानंतर एकट्या सिंधुदुर्गातून २०१९ मध्ये एक नवी टाचणी आली, २०२२ मध्ये चौकुळच्या नावाचा एक नवा चतुर आला. कोंकणेन्सिसचं वर्णन २०२० मध्ये छापून आलं आणि २०२१ मध्ये केरळातूनही त्याची नोंद झाली. तो वर्षभरात उडत केरळात गेला का? नाही. काय पाहायचं ते लोकांना आता ठाऊक झालं. त्याआधी तो कुणाच्या फोटोत आला असला तरी 'नेहमीचा जेमिनाटा' म्हणूनच गेला असेल.

"म्हणून तर ठिपका बघायचा," ती म्हणाली. "नोंद म्हणजे काय? कुठे, कधी, कुणी पाहिला, आणि तो दुसरा कुणी नाही हे कशावरून. एवढंच. पहिली असो की हजारावी."

आणि मग एक गोष्ट बोलली, ती तेव्हापासून डोक्यात आहे. पहिली नोंद सगळ्यांना हवी असते, शेवटची नोंद कुणाची ते मात्र बहुतेक वेळा कळतसुद्धा नाही. कारण शेवटचा दिसला तेव्हा तो शेवटचा आहे हे माहीत नसतं, आणि नेहमीचाच म्हणून कुणी लिहिलेला नसतो.

हे मला लागलं, कारण त्याच चहाच्या वेळी दुसराही विषय झाला होता. विहिरीवर स्लॅब टाकायचा विषय. नळाचं पाणी आलंय, पंप लागलाय, उघड्या विहिरीत डास होतात, आणि शेजारच्या वाड्या विकून बंगले झालेत, त्यांची पोरं इकडे खेळायला येतात, कुणी पडलं तर? मामाचं काहीच चुकत नाही. मी आपलं म्हटलं, की चतुराची पिल्लं पाण्यात असतात आणि डासांच्या अळ्या खातात. मामी म्हणाली, "मग इतके दिवस डास कसे चावतात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

निघताना मामाने माळ्यावरून आजोबांच्या वह्या काढून दिल्या. वाडीच्या हिशेबाच्या. कुठल्या पाडपाला किती नारळ, सुपारी काय भावाने गेली, आणि मध्येच एखादी ओळ: मृग कोरडा गेला. विहिरीचं पाणी अमुक पायरीला. रहाटाचा बैल आजारी. वर्षानुवर्षं, एकही पावसाळा न चुकवता. चतुर कुठेच नाही. कशाला लिहितील? तो तर रोजच कठड्यावर बसलेला.

त्यातल्या शेवटच्या वहीत निम्मी पानं कोरी आहेत. मी तिथे तारीख घातली, विहिरीच्या कुठल्या बाजूला ते लिहिलं, वेळ लिहिली, पंखावरच्या ठिपक्याची दोन्ही टोकं पांढरी असल्याचं लिहिलं आणि खाली 'नेहमीचा' असं लिहिलं. वही मामाकडेच ठेवून आले. तो हसला, पण वही माळ्यावर परत नेली नाही, देवघराच्या कोनाड्यात ठेवली.

स्लॅबचं अजून ठरलेलं नाही. मधे लोखंडी जाळीचा पर्याय निघालाय, मोठ्या भोकांची असली तर चतुर आत-बाहेर करू शकेल. पोराबाळांचंही भागेल. मामा भाव काढतोय. भावंडांपैकी कुणाला त्यात वाटा उचलायचा असेल तर थेट मामाला फोन करा, मला नको.