पाकोळीची ओळख

पाटसला दिवेलागणीच्या वेळी जुन्या घराच्या ओसरीवर बसले, की वाशांच्या फटीतून काहीतरी भुर्रकन बाहेर पडे, अंगणावर दोन-चार गिरक्या घेई आणि दिसेनासे होई. लहानपणी मला ते पाखरूच वाटे. घरातली म्हातारी माणसे त्याला ‘पाकोळी’ म्हणत आणि हे नाव आपल्याकडे एका पक्ष्यालाही आहे. घोटाळा डोळ्यांचा तसाच शब्दाचाही!

अभ्यासकांनाही ही ओळख पटायला वेळ लागला. कर्नल साइक्स यांनी दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी १८३१ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली, एका वटवाघळाला दख्खनचेच नाव दिले. परंतु घराच्या फटीत राहणाऱ्या, जेमतेम तीन ग्रॅम वजनाच्या चिमुकल्या वटवाघळाचे सुरतेच्या डांगातले रूप वनाधिकारी रॉबर्ट रॉटन यांनी नोंदवले ते १८९९ मध्ये, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात. पुढे १९११ पासून या संस्थेने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी केली. तिचा पहिला अहवाल आपल्या खानदेशचा.

तेव्हा ओळख पटवायची, तर प्राणी मारावा लागे. पुढच्या हाताचे हाड मोजायचे, दात भिंगाखाली पाहायचे. १९३८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन यांना यंत्राच्या साहाय्याने वटवाघळांचे आपल्याला ऐकू न येणारे आवाज टिपता आले. आज हातात मावणारे यंत्र तेच आवाज ऐकवते. जिवाला धक्का न लावता बरीच ओळख पटते. तरी जवळच्या जातींचे आवाज मिळतेजुळते असतात, म्हणून जाणकार छातीठोकपणे बोलत नाहीत.

यंत्राशिवायही एवढे कळते, की पक्षी पाकोळी मधूनच पंख ताठ धरून तरंगते. वटवाघूळ सतत फडफडते, किड्यामागे झटक्यात वळते.

हे मला उशिरा कळले. छपराची दुरुस्ती करताना आम्ही ती फट सिमेंटने बुजवून टाकली होती. कुणी मना केले नाही, कारण आत कोण राहते हेच कुणाला ठाऊक नव्हते. त्यानंतर अंगणातल्या गिरक्या थांबल्या. आता कुणाच्या घराचे काम निघाले, की मी आधी एक संध्याकाळ ओसरीवर बसून पाहायला सांगतो.