ऑझकथामाला : उत्तरकथा आणि चित्रपटरूपे

अमेरिकन बालसाहित्यकार लायमन फ्रँक बॉम (१५ मे १८५६–६ मे १९१९) ह्याने ‘ऑझ’ ह्या कल्पित देशाविषयी लिहिलेल्या १४ अद्‌भुतकथा, त्याच्या निधनानंतर इतरांनी रचलेल्या उत्तरकथा आणि त्यांवर आधारलेली नाटके व चित्रपट ह्यांचा समूह. मूळ कथा द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ ही १९०० मध्ये शिकागो येथील जॉर्ज एम. हिल ह्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. वावटळीने घरासह उडून ऑझमध्ये येऊन पडलेली कॅन्ससची डॉरोथी, तिचा कुत्रा टोटो, मेंदू हवा असलेले बुजगावणे, हृदय हवे असलेला पत्र्याचा लाकूडतोड्या आणि धैर्य मागणारा भेकड सिंह ह्यांचा पाचूनगरीकडील प्रवास तीत वर्णिला आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो ह्याची रंगीत चित्रे हे ह्या पुस्तकाच्या यशाचे एक मोठे कारण होते. ऑझच्या प्रत्येक प्रदेशाचा रंग वेगळा असून कथा ज्या प्रदेशात शिरेल, त्याप्रमाणे पृष्ठांवरील चित्रांचा रंगही बदलत असे. करडे कॅन्सस आणि रंगीबेरंगी ऑझ हा भेद चित्रपटाने निर्माण केला, असा समज रूढ आहे; पण तो मुळात पुस्तकातलाच आहे.

पुढील भाग लिहिण्याचा बॉमचा प्रारंभी विचार नव्हता. त्याला त्या दिशेने ओढले ते रंगभूमीने. ह्या कथेवरील संगीतनाटक १९०२ मध्ये शिकागोत आणि १९०३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रंगभूमीवर आले. दिग्दर्शक जूलियन मिचेल ह्याने कथानकात मनसोक्त फेरफार केले. टोटोच्या जागी एक गाय आली आणि संवादांत तत्कालीन राजकारणावरील कोट्या घुसल्या. बुजगावणे आणि लाकूडतोड्या ह्यांच्या भूमिका करणारी फ्रेड स्टोन व डेव्हिड माँटगोमरी ही विनोदी नटांची जोडी तुफान लोकप्रिय झाली. द मार्व्हलस लँड ऑफ ऑझ (१९०४) ही पहिली उत्तरकथा ह्या दोघांनाच अर्पण केलेली असून तीत डॉरोथी मुळीच नाही. टिप नावाचा मुलगा हा तिचा नायक असून, चेटकिणीने रूप बदललेली राजकन्या ओझ्मा ती हीच, असे अखेरीस उघड होते. विणकामाच्या सुया उगारून राजधानी काबीज करणारी मुलींची फौजही तीत आहे. बॉमची सासू मटिल्डा जॉस्लिन गेज ही स्त्रीमताधिकाराच्या चळवळीतील अग्रणी होती, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. ह्या कथेवरील द वॉगल-बग (१९०५) हे नाटक मात्र साफ कोसळले. पुस्तक म्हणून उत्तरकथा यशस्वी ठरली आणि तेथून बॉमची सुटका संपली, असे म्हणण्यास हरकत नाही.

ओझ्मा ऑफ ऑझ (१९०७), डॉरोथी अँड द विझर्ड इन ऑझ (१९०८), द रोड टू ऑझ (१९०९) ही पुस्तके बालवाचकांच्या पत्रांच्या रेट्याखाली लिहिली गेली. जॉन आर. नील हा आता मालेचा चित्रकार होता. द एमरल्ड सिटी ऑफ ऑझ (१९१०) ह्या सहाव्या कथेत बॉमने माला संपवण्याचा निश्चय केला. गहाणाच्या कर्जापायी शेत हातचे जाणार म्हणून हेन्री काका आणि एम काकू डॉरोथीसह ऑझमध्येच कायमची राहावयास जातात आणि ग्लिंडा ही सज्जन चेटकीण तो देश बाह्य जगाला अदृश्य करून टाकते. बॉमच्या कल्पनेप्रमाणे डॉरोथीचे अंतिम घर ऑझ हे आहे, कॅन्सस नव्हे. चित्रपटाने पुढे नेमके हेच उलटे केले.

माला संपवणे बॉमला परवडले नाही. त्याने १९०८ मध्ये ‘फेअरीलोग अँड रेडिओ-प्लेज’ नावाचा एक विलक्षण कार्यक्रम काढला होता. हाताने रंगवलेल्या चित्रफिती, रंगीत पारदर्शिका, वाद्यवृंद आणि रंगमंचावर उभ्या राहून निवेदन करणाऱ्या स्वतः बॉमचा त्यात समावेश होता. प्रेक्षक लोटले, तरी खर्च त्याहून मोठा होता. कार्यक्रम वर्षअखेरीस बंद पडला आणि १९११ मध्ये बॉमने दिवाळे जाहीर केले. ऑझेतर विषयांवरील त्याच्या नव्या बालकथांना तितका खप मिळाला नाही, तेव्हा द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ (१९१३) लिहून तो आपल्या अदृश्य देशात परतला. ह्या देशाशी बिनतारी संदेशाने संपर्क साधता आला, अशी युक्ती त्याने त्यासाठी योजली. त्यानंतर दरवर्षी एक ह्या क्रमाने तो मृत्यूपर्यंत लिहीत राहिला. ग्लिंडा ऑफ ऑझ (१९२०) हे त्याचे चौदावे पुस्तक मरणोत्तर निघाले.

चित्रपटाच्या मोहातूनही तो सुटला नाही. सेलिग पॉलिस्कोप कंपनीने १९१० मध्ये ह्या कथेवर एका रिळाचा मूकपट काढला होता. १९१४ मध्ये बॉमने लॉस अँजेल्समधील मित्रांसह ऑझ फिल्म मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापिली आणि द पॅचवर्क गर्ल ऑफ ऑझ, द मॅजिक क्लोक ऑफ ऑझ व हिज मॅजेस्टी, द स्केअरक्रो ऑफ ऑझ हे मूकपट काढले. मुलांच्या चित्रपटासाठी पूर्ण दराचे तिकीट काढण्यास प्रौढ प्रेक्षक तेव्हा तयार नव्हता. कंपनी १९१५ मध्ये बंद पडली. मात्र तिसऱ्या मूकपटाच्या कथेवरून बॉमने द स्केअरक्रो ऑफ ऑझ (१९१५) हे पुस्तक लिहिले.

बॉमनंतर प्रकाशकांनी रूथ प्लम्ली टॉम्सन ह्या लेखिकेवर माला सोपवली. तिने १९२१ ते १९३९ ह्या काळात १९ पुस्तके लिहिली. म्हणजे संख्येच्या दृष्टीने ऑझची प्रमुख लेखिका तीच होय. त्यांतील पहिले मात्र बॉमच्या नावावर विकले गेले. नंतर चित्रकार नील ह्याने तीन आणि जॅक स्नो ह्याने दोन पुस्तके लिहिली. १९५१ व १९६३ मध्ये आणखी एकेक निघून मान्यताप्राप्त पुस्तकांची संख्या ४० झाली. सोव्हिएट संघात अलेक्सांद्र व्होल्कोव्ह ह्याने १९३९ मध्ये मूळ कथेचे स्वैर रूपांतर केले. त्यात डॉरोथीची एली झाली. १९६३ पासून त्याने स्वतंत्र कथानकांच्या पाच उत्तरकथा लिहिल्या. रशियन वाचकांच्या कित्येक पिढ्यांना पाचूनगरीचा परिचय आहे तो व्होल्कोव्हमुळे.

लॅरी सीमनचा १९२५ चा मूकपट ऑझशी नावापुरताच संबंध ठेवतो; लाकूडतोड्याचे सोंग त्यात ऑलिव्हर हार्डीने घेतले आहे. मेट्रो-गोल्डविन-मेयरचा द विझर्ड ऑफ ऑझ (१९३९) हा चित्रपट मात्र मूळ पुस्तकाहून अधिक लोकांच्या स्मरणात राहिला. डिस्नेच्या स्नो व्हाइटच्या (१९३७) यशाने ह्या निर्मितीला चालना मिळाली. दिग्दर्शक म्हणून व्हिक्टर फ्लेमिंगचे नाव असले, तरी तो गॉन विथ द विंडकडे गेल्यावर कॅन्ससमधील दृश्ये किंग व्हिडॉरने घेतली. चित्रीकरण सुखाचे नव्हते. बडी एब्सनला ॲल्युमिनियमच्या भुकटीचा इतका त्रास झाला, की लाकूडतोड्याची भूमिका जॅक हेलीला द्यावी लागली. चेटकीण झालेली मार्गारेट हॅमिल्टन आगीच्या एका दृश्यात भाजली. पुस्तकातील चंदेरी जोडे टेक्निकलरमध्ये उठून दिसावेत म्हणून माणकांचे करण्यात आले. हॅरल्ड आर्लेन आणि यिप हार्बर्ग ह्यांच्या ‘ओव्हर द रेनबो’ ह्या गीताला ऑस्कर मिळाले. पूर्वप्रदर्शनानंतर हेच गीत कापून टाकण्याचा विचार चालू होता. जूडी गार्लंडला बालकलाकाराचे विशेष ऑस्कर देण्यात आले.

ह्या चित्रपटातील सर्वांत मोठा बदल म्हणजे ऑझ हे स्वप्न ठरवणे. पुस्तकातील ऑझ खरोखर अस्तित्वात आहे आणि तेथे पुनःपुन्हा जाता येते. म्हणूनच उत्तरकथा शक्य झाल्या. स्वप्नाला उत्तरकथा नसते. पडद्यावरील डॉरोथी घराची थोरवी शिकून जागी होते. हा शेवट हृद्य आहे. पण बॉमच्या डॉरोथीने कर्जबाजारी शेतातून आपल्या माणसांसह बाहेर पडण्याचा जो मार्ग काढला, तो त्यामुळे झाकला गेला. प्रारंभी चित्रपटाचा खर्चही भरून निघाला नाही. १९४९ च्या पुनःप्रदर्शनाने नफा दिला. ३ नोव्हेंबर १९५६ रोजी तो प्रथम दूरचित्रवाणीवर दाखवण्यात आला आणि १९५९ पासून दरवर्षी दाखवला जाऊ लागला. कृष्णधवल संचांवर पाहणाऱ्या घरांना डॉरोथी रंगांच्या देशात केव्हा शिरली, हे दिसतही नसे.

१९५६ मध्येच मूळ पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपला. चित्रपटाने घातलेली भर मात्र त्याच्या मालकांकडेच राहिली. वॉल्टर मर्चने दिग्दर्शित केलेला डिस्नेचा रिटर्न टू ऑझ (१९८५) दुसऱ्या व तिसऱ्या पुस्तकांवर आधारलेला असून त्याची दृश्यरचना नीलच्या चित्रांशी इमान राखते. तरीही माणकांच्या जोड्यांसाठी डिस्नेला मेट्रो-गोल्डविन-मेयरला पैसे मोजावे लागले. बॉमशी इतका प्रामाणिक दुसरा बोलपट सहसा आढळत नाही. १९३९ च्या गाण्यांची अपेक्षा धरून आलेल्या प्रेक्षकांना तो भयाण वाटला आणि तिकीटखिडकीवर अपयशी ठरला. सिडनी ल्युमेटचा द विझ (१९७८) हा १९७५ च्या ब्रॉडवे संगीतिकेवरून केलेला, कृष्णवर्णीय कलावंतांचा चित्रपट. त्यात ऑझ म्हणजे न्यूयॉर्कच आहे. सॅम रेमीचा ऑझ द ग्रेट अँड पॉवरफुल (२०१३) जादूगाराची पूर्वकथा सांगतो.

ग्रेगरी मॅग्वायरच्या विकिड (१९९५) ह्या प्रौढांसाठी लिहिलेल्या कादंबरीत पश्चिमेची दुष्ट चेटकीण नायिका झाली. बॉमच्या पुस्तकात तिला नाव नव्हते. लेखकाच्या आद्याक्षरांच्या उच्चारावरून मॅग्वायरने तिला ‘एल्फाबा’ हे नाव दिले. तिची हिरवी कातडी मात्र पुस्तकातली नसून १९३९ च्या पडद्यावरून आलेली आहे. २००३ मध्ये ब्रॉडवेवर आलेली ह्या कादंबरीवरील संगीतिका जॉन एम. चू ह्याने दोन चित्रपटांत विभागली. त्यांपैकी पहिला २०२४ मध्ये आणि दुसरा नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.