शाळा व्यवस्थापन समिती

शाळा व्यवस्थापन समिती ही भारतातील शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित प्राथमिक शाळांच्या कारभारात पालकांना सहभागी करून घेणारी वैधानिक समिती आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 21 अन्वये ती स्थापन केली जाते. हा अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. विनाअनुदानित खाजगी शाळांना ही तरतूद लागू नाही.

पार्श्वभूमी

2002 मधील 86 व्या घटनादुरुस्तीने 6 ते 14 वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. समितीमुळे या कर्तव्याला अधिकाराची जोड मिळाली.

रचना

समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. वंचित गट व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व दिले जाते. उर्वरित जागांवर शिक्षक व स्थानिक प्राधिकरणाचे निर्वाचित सदस्य असतात. अध्यक्षाची निवड पालक सदस्यांमधून होते, तर मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात.

कार्ये

शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची प्रमुख कार्ये आहेत. शासनाचे नियोजन व अनुदान या आराखड्यावर आधारित असावे, असे कलम 22 सांगते. पटनोंदणी, विद्यार्थ्यांची उपस्थिती व मध्यान्ह भोजन यांकडेही समिती लक्ष देते. 2012 च्या दुरुस्तीनुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत व इतर सर्व अनुदानित शाळांत समितीचे स्वरूप केवळ सल्लागाराचे आहे.

शिक्षकांनी पालकांच्या नियमित सभा घेऊन पाल्याची उपस्थिती व प्रगती त्यांना कळवावी, अशी स्वतंत्र तरतूद कलम 24 मध्ये आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

मराठवाड्यातील ऊसतोड मजूर हंगामात कुटुंबासह स्थलांतर करतात. त्यामुळे मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते. यावर उपाय म्हणून गावातच हंगामी वसतिगृहे चालवली जातात. त्यांच्या व्यवस्थेत समितीचा सहभाग असतो. आईवडील परतेपर्यंत मुलांचे जेवण आणि शाळेबाहेरच्या वेळेतील अभ्यास यांची सोय तेथे होते. 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात माता गटांमार्फत पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांची तयारी घरीच करून घेण्यावर भर देण्यात आला.

मर्यादा

रोजंदारीवर जगणाऱ्या पालकांना सभेसाठी मजुरी बुडवावी लागते. स्वतः शाळेत न शिकलेले पालक हिशेब व आराखड्याविषयी प्रश्न विचारण्यास संकोचतात. अशा वेळी समिती केवळ इतिवृत्तावरील स्वाक्षऱ्यांपुरती उरते. सभेची वेळ सायंकाळची ठेवणे, विषय आधी कळवणे आणि जमाखर्च वाचून दाखवणे या साध्या उपायांनी पालकांचा सहभाग वाढू शकतो.