बाल्टिमोरच्या फुटबॉलचं कूळ

अमेरिकन फुटबॉलचा संघ म्हणजे मुळात लीगने दिलेला परवाना. मालक तो विकतो, दुसऱ्या गावी नेतो, नाहीच जमलं तर लीगला परत करतो. त्यामुळे एखाद्या शहरात बुडालेल्या संघांची वंशावळ मांडायला घेतली की पहिला पेच पडतो तो हा, की कूळ धरायचं कशावरून? मेरीलँडमधल्या बाल्टिमोरपुरता हा पेच माझ्यासाठी सोडवला तो एका बँडपथकाने.

आधी संघांची हजेरी घेऊ. १९४६ साली मायामीत बुडालेला सीहॉक्स संघ १९४७ मध्ये बाल्टिमोरला आला आणि कोल्ट्स झाला. हिरव्या-चंदेरी रंगांचा हा संघ १९५० चा हंगाम संपताच बंद पडला. १९५३ मध्ये दुसरा कोल्ट्स उभा राहिला. जॉनी युनायटस त्याचाच, आणि १९५८ चा यँकी स्टेडियममधला गाजलेला अंतिम सामनाही त्याचाच. १९८४ मध्ये तो इंडियानापोलिसला गेला. १९८५ मध्ये यूएसएफएल या दुसऱ्या लीगचा स्टार्स आला. नाव बाल्टिमोरचं, सामने मात्र कॉलेज पार्कला. विजेतेपद मिळवलं आणि लीगबरोबर तोही संपला. १९९४-९५ मध्ये कॅनेडियन लीगचा संघ आला, आणि १९९६ पासून रेव्हन्स आहेत.

यातल्या १९५३ च्या कोल्ट्सवरून इतिहासप्रेमींत जुना वाद आहे. एका पक्षाच्या मते त्याचं मूळ थेट ओहायोतल्या डेटन ट्रायँगल्सपर्यंत पोचतं. तीन कारखान्यांतून उभा राहिलेला हा संघ १९२० मध्ये एनएफएल या मुख्य लीगच्या पहिल्याच हंगामात खेळला. त्याचा परवाना १९३० मध्ये ब्रुकलिनला विकला गेला. ब्रुकलिनचे खेळाडू पुढे बॉस्टन यँक्सकडे, त्यांचे न्यूयॉर्ककडे, न्यूयॉर्कचे १९५२ मध्ये डॅलस टेक्सन्सकडे, आणि टेक्सन्स हंगामाच्या मध्येच लीगच्या गळ्यात पडल्यावर बाल्टिमोरकडे. ऐकायला झकास आहे! पण सांधे तपासले की साखळी निसटते. ब्रुकलिनचा मालक प्रतिस्पर्धी लीगमध्ये गेला तेव्हा तो परवानाच रद्द झाला होता. १९४९ मध्ये बॉस्टनच्या मालकाने जुना परवाना मोडून न्यूयॉर्कसाठी नवा घेतला. १९५२ मध्ये तोही लीगकडे परत गेला. एनएफएल स्वतः १९५३ चा कोल्ट्स नवाच मानते, आणि कागदावर लीगचंच खरं.

तरी शेवटचा दुवा मला खोटा वाटत नाही. कोल्ट्सचा जगप्रसिद्ध निळा-पांढरा रंग टेक्सन्सचा आहे. जिनो मार्केटी तिथूनच आला. आर्ट डॉनव्हन तर १९५० मध्ये पहिल्या कोल्ट्सकडून, १९५१ मध्ये न्यूयॉर्ककडून, १९५२ मध्ये डॅलसकडून आणि १९५३ मध्ये पुन्हा बाल्टिमोरकडून खेळला. एका माणसाच्या अंगावरून चार जर्सी गेल्या. डॅलस ते बाल्टिमोर हे नातं म्हणूनच मी मान्य करतो. डेटनपर्यंत मात्र माझी मजल जात नाही.

नावावरून कूळ धरावं, तर तिथे कोर्टच आडवं आलं. १९९४ च्या कॅनेडियन लीगवाल्या संघाला कोल्ट्स हे नाव हवं होतं. इंडियानापोलिसने दावा लावला आणि जिंकला. म्हणजे बाल्टिमोरला बाल्टिमोरचंच नाव वापरायची मनाई. तो संघ पुढे स्टॅलियन्स झाला आणि १९९५ चा ग्रे कप, म्हणजे कॅनेडियन लीगचं विजेतेपद, जिंकला. हा मान मिळवणारा तो एकमेव अमेरिकी संघ. पण क्लीव्हलँडचे ब्राउन्स बाल्टिमोरला येणार ही घोषणा त्या अंतिम सामन्याच्या आधीच झाली होती, आणि स्टॅलियन्सला माँट्रियल गाठावं लागलं. ब्राउन्सचं नाव, रंग आणि इतिहास तडजोडीत क्लीव्हलँडकडेच राहिले. म्हणून बाल्टिमोरला येऊन रेव्हन्स झालेल्या त्या संघाचा सातबारा १९९६ पासून कोरा सुरू होतो.

आता बँड. कोल्ट्सचं हे पथक १९४७ चं, म्हणजे पहिल्या संघाच्या वयाचं. १९५१-५२ मध्ये शहरात संघ नव्हता, पण पथक मोडलं नाही. २८ मार्च १९८४ च्या रात्री मालक रॉबर्ट अर्सेने मेफ्लॉवर कंपनीचे ट्रक बोलावून संघाचं सगळं सामान इंडियानापोलिसला हलवलं. मेरीलँडचं विधिमंडळ संघ सरकारजमा करू शकेल असा कायदा करत होतं, म्हणून ही घाई. बँडचे गणवेश त्या रात्री लाँड्रीत होते, म्हणून वाचले. बँडवाल्यांनी ते ताब्यात घेतले आणि काही काळ चक्क दफनभूमीतल्या एका समाधीघरात लपवून ठेवले.

पुढची बारा वर्षं हे पथक शहरात एनएफएलचा संघ नसताना कोल्ट्सच्याच नावाने मिरवणुकींत आणि दुसऱ्यांच्या सामन्यांच्या मध्यंतरात वाजवत राहिलं. नव्या स्टेडियमसाठी सरकारी पैसा मिळावा म्हणून ॲनापोलिस या राज्याच्या राजधानीत जाऊन त्यांनी विधिमंडळापुढेही वाजवलं. १९८७ मध्ये तो प्रस्ताव मंजूर झाला, आणि त्याच स्टेडियमच्या आशेवर ब्राउन्सचा मालक इकडे वळला. म्हणून माझं ठाम मत आहे की रेव्हन्सचा पूर्वज क्लीव्हलँडमध्ये शोधूच नये, तो या बँडमध्ये आहे.

पथक स्वतः खेळत नाही, मग त्याला कूळ कसं म्हणायचं, असा आक्षेप येईल. पण १९४७ पासून आजवर खंड न पडता चालत आलेली या शहराच्या फुटबॉलमधली दुसरी संस्था मला कुणी दाखवावी. परवाने चार गेले, नाव कोर्टात गेलं, रंग बदलत राहिले. रेव्हन्स आल्यावरही हे पथक दोन हंगाम कोल्ट्सचंच नाव लावून वाजवत होतं. १९९८ मध्ये नवं स्टेडियम उघडलं तेव्हा त्याने जांभळा गणवेश चढवला आणि ते बाल्टिमोर्स मार्चिंग रेव्हन्स झालं.