राजगड

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील प्रसिद्ध गिरिदुर्ग व छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्वराज्याची पहिली राजधानी. सह्याद्रीच्या एका धारेवर, गुंजवणी व वेळवंडी या नद्यांच्या खोऱ्यांदरम्यान हा किल्ला उभा आहे. समुद्रसपाटीपासून उंची १,३०० मी.पेक्षा अधिक. गुंजवणे व पाली ही पायथ्याची गावे. तोरणा पश्चिमेला आहे.

मूळ डोंगराचे नाव मुरुंबदेव. १६४० च्या दशकात तोरणा घेतल्यावर महाराजांनी हा डोंगर बांधायला काढला. तोरण्यावर सापडलेले धन त्या कामी लागले, अशी परंपरा आहे. पुढे सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार येथून चालला. महाराणी सईबाईंचे १६५९ मध्ये येथेच निधन झाले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले; उरलेल्या बारांत राजगड होता. १६६६ मध्ये आग्र्याहून सुटून महाराज परतले ते याच गडावर. २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजाराम महाराजांचा जन्म येथे झाला. त्यानंतर राजधानी रायगडास गेली.

रचना : मधोमध बालेकिल्ला आणि तीन दिशांना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या, असा गडाचा आकार आहे. प्रत्येक माचीला स्वतंत्र तटबंदी असल्याने एक माची पडली तरी गड पडत नसे. शत्रूला पुढच्या माचीसाठी पुन्हा नव्याने लढावे लागे. पद्मावती ही सर्वांत रुंद माची. देवीचे मंदिर, तलाव, सदर व दारूकोठार हे वस्तीचे अवशेष तिच्यावर आहेत. सुवेळा माचीच्या कातळात आरपार नैसर्गिक छिद्र असून त्याला ‘नेढे’ म्हणतात. बालेकिल्ल्याची वाट उभ्या कड्यातून जाते. महादरवाजा ओलांडला की चंद्रतळे लागते.

दुर्गरचनेचा खरा कस संजीवनी माचीवर दिसतो. लांब, चिंचोळ्या सोंडेवर तीन टप्प्यांत उतरलेल्या या माचीला काही भागांत दुहेरी तट आहे. दोन तटांमध्ये जेमतेम माणूस चालेल एवढी खोल गल्ली ठेवली आहे. बाहेरचा तट फोडून शत्रू आत आलाच, तर या गल्लीत त्याला हत्यार फिरवायला जागा मिळत नाही आणि वरून मारा सुरू होतो. आतल्या पायऱ्या चोरदिंड्यांपर्यंत उतरतात. तटाच्या जाडीत शौचकूपही आहेत. पहाऱ्यावरच्या शिपायाला जागा सोडावी लागू नये, इतका बारीक विचार बांधणाऱ्यांनी केला होता.

उत्तरकाल : १७०३ च्या अखेरीस औरंगजेबाने स्वतः गडाला वेढा घातला आणि फेब्रुवारी १७०४ मध्ये तो ताब्यात घेऊन ‘नबीशाहगड’ असे नाव दिले. १७०७ मध्ये मराठ्यांनी तो परत जिंकला. पुढे तो भोरच्या पंतसचिवांकडे राहिला.

जागतिक वारसा : २००७ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्च येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ३१ व्या अधिवेशनात दिल्लीचा लाल किल्ला यादीत आला, २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांची नोंद झाली. मराठ्यांच्या दुर्गांना हा मान ११ जुलै २०२५ रोजी मिळाला. त्या बारा किल्ल्यांत राजगडासह साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी यांचा समावेश आहे. राजगडावर महाल उरलेले नाहीत. उरले आहेत तट, बुरूज आणि टाकी. राज्य राखण्यासाठी जे लागते तेच येथे सर्वांत भक्कम बांधले गेले, आणि या गडाचे थोरपण त्यातच आहे.