विहीर फोटोत येते, हाडोळा येत नाही

कोपरगाव तालुक्यात सुट्टीच्या दिवशी आम्ही मोबाइल घेऊन शिवारात फिरतो. ऊस आणि कालव्यांच्या या मुलखात मध्ययुगापासून चालत आलेल्या शेतीच्या खुणा अजून सापडतात. दगडी मोटेची विहीर, बैल ज्या उतारावरून चालायचे ती धाव, मोट जिथे रिकामी व्हायची ते थारोळे. ऊन कलले की लांब सावल्यांमुळे मोडलेल्या बांधाची रेषही फोटोत उठून दिसते. विहीर नेमकी कोणत्या शतकातली हे फोटोवरून ठरत नाही. पण इंजिन येईपर्यंत शेती याच पद्धतीने भिजत होती.

असे फोटो आजकाल पुष्कळजण टाकतात. खाली प्रश्न एकच असतो, "कोणत्या राजाने बांधली?" आमचा प्रश्न वेगळा आहे. मोट कुणाच्या कष्टाची होती?

मेलेले जनावर महारांनी ओढले, ढोरांनी कातडे कमावले, मांगांनी दोर वळले. तेव्हा कुठे पाणी वर आले. कातड्याची मोट पाण्यात बुडाली तर विटाळ होत नव्हता, ती घडवणाऱ्याचा हात लागला की मात्र होत होता! ही व्यवस्था धर्माच्या नावाने चालली, पण तिचा हिशेब शेतातल्या उत्पन्नाचा होता.

गावाच्या चाकरीबद्दल महारांना वतनाची जमीन होती, तिला हाडकी-हाडोळा म्हणत. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई. म्हणजे गावाची जमीन ज्याला सर्वांत चांगली ठाऊक, त्याच्याच वाट्याला तुकडा आणि त्या तुकड्यासाठी सगळ्या घराने रात्रंदिवस राबायचे. बाबासाहेबांनी ही गुलामी ओळखली आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. त्या कायद्याने परत मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. तरीही अनेक हाडोळे आज कुणाच्या ताब्यात आहेत, हे गावोगावी विचारून पाहा.

१९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण झाले, सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, बांध सरकले. आता जेसीबी उरलेली खूण पुसतो आहे. खूण गेली की "तुमची जमीन इथे नव्हतीच" म्हणणे सोपे होते.

म्हणून मित्रांनो, नुसता फोटो काढून थांबू नका. फोटोखाली गाव, गट नंबर आणि तारीख लिहा. वस्तीतल्या आजी-आजोबांना त्या शेताचे जुने नाव विचारा. मग तलाठी कार्यालयातून सातबारा आणि जुने फेरफार काढा. फोटो, आठवण आणि कागद एकत्र आले की तो पुरावा होतो. इतिहासाचा अभिमान सगळेच मिरवतात, आपल्याला त्यातला वाटा मागायचा आहे.

जय भीम!